मजुरी आणि कृपा

ख्रिस्ती शिकवणीनुसार देव माणसाला आपला म्हणतो तो माणसाच्या पुण्याईमुळे नव्हे, तर स्वतःच्या कृपेमुळे. ही कृपा माणूस विश्वासाने स्वीकारतो. या विधानाच्या तपशिलावरून कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट मंडळ्यांत शतकानुशतके वाद झाले, पण मूळ विधान दोघांपैकी कोणीही सोडलेले नाही. खरी कसोटी सिद्धान्ताच्या बाहेर लागते. रविवारच्या उपासनेत ज्याला ‘आमेन’ म्हटले, ते सोमवारी दुकानाच्या गल्ल्यावर, आजाऱ्याच्या उशाशी आणि भावाभावांच्या वाटणीत कसे उतरते, हा प्रश्न तिथे उभा राहतो. कृपेमुळे माणसाचे कष्ट सुटत नाहीत. कष्टांच्या जोरावर देवाकडे हक्क सांगणे सुटते. हा फरक एकदा निसटला की ख्रिस्ती जीवन एक तर भीतीने भरलेली चाकरी होते, नाही तर बेफिकीर मोकाटपणा.

येशूने हा फरक एका दाखल्यातून मांडला आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २०व्या अध्यायात द्राक्षमळ्याचा धनी पहाटेच मजूर ठरवायला बाहेर पडतो. एक दिनार रोज ठरतो. पुढे दिवसभरात तो आणखी चार वेळा चौकात जातो. शेवटच्या खेपेला दिवस मावळायला तासभरच उरलेला असतो. तेव्हाही तिथे माणसे उभी असतात, कारण त्यांना कोणी कामाला लावलेलेच नसते. संध्याकाळी शेवटी आलेल्यांना आधी बोलावून पूर्ण दिनार दिला जातो. पहाटेपासून ऊन सोसलेल्यांना वाटते, आपल्याला जास्त मिळेल. पण त्यांनाही तेवढाच मिळतो आणि ते कुरकुर करतात. त्यांची कुरकुर कोणत्याही मजूर अड्ड्यावर रास्तच ठरेल. धनी मात्र ठरलेल्या रकमेतला एक पैसाही कापत नाही. एक दिनार म्हणजे त्या काळी साधारण एका दिवसाची मजुरी, म्हणजेच घरी चूल पेटण्याची सोय. तासाभराच्या हिशेबाने पैसे मिळाले असते तर शेवटच्या मजुराची मुले उपाशी झोपली असती. धन्याने कामाचे तास पाहिले नाहीत, गरज पाहिली. दाखल्यात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. कृपा झालेली माणसेही मळ्यात उतरतात. त्यांना चौकातच दिनार देऊन घरी पाठवलेले नाही.

या प्रश्नावर पहिला मोठा वाद पाचव्या शतकात झाला. ब्रिटनमधून रोमला आलेला पेलागियस हा तपस्वी तिथल्या ख्रिस्ती लोकांची ढिलाई पाहून अस्वस्थ झाला. देवाने आज्ञा दिली आहे म्हणजे ती पाळण्याची ताकदही माणसात आहे. मनावर घेतले तर माणूस निर्दोष जगू शकतो, असे त्याचे म्हणणे होते. हा माणूस वाईट नव्हता. ‘देव सांभाळून घेईल’ म्हणत आळसावणाऱ्यांचा त्याला राग होता, आणि तो राग समजण्यासारखा आहे. पण उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो नगरीचा बिशप ऑगस्टीन स्वतःच्या अनुभवाने दुसऱ्याच निष्कर्षावर आला होता. चांगले काय ते कळत असूनही आपले मन तिकडे वळत नाही, हे त्याने तरुणपणी वर्षानुवर्षे भोगले होते. ३८७ साली मिलानमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, तोवर त्याची खात्री पटली होती की आजार इच्छाशक्तीलाच जडलेला आहे. ज्याला इच्छाच होत नाही त्याला ‘इच्छा कर’ म्हणून सांगण्यात काय हशील? इच्छेला बळ देणारी कृपाच आधी यावी लागते. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने पेलागियसचे मत नाकारले. तरीही ते मत दर पिढीत परत येते, कारण प्रत्येक कर्तबगार माणसाला ते मनातून पटलेले असते.

भारतीय वाचकाला हा वाद परका वाटू नये. दक्षिणेतल्या श्रीवैष्णव परंपरेत रामानुजाचार्यांनंतर नेमका हाच प्रश्न निघाला आणि तिचे दोन पंथ झाले. माकडाचे पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून असते, तर मांजरीचे पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. जीवाचे देवाशी नाते यांपैकी कोणते? वेदान्तदेशिकांचे अनुयायी पहिल्या बाजूला झुकले आणि पिळ्ळै लोकाचार्यांचे दुसऱ्या. ऑगस्टीनने निःसंशय मांजरीची बाजू घेतली असती. महाराष्ट्रात नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर ख्रिस्ती भक्तीसाठी अभंग आणि कीर्तन हीच साधने निवडली. त्यामागे केवळ काव्याची आवड नव्हती. आपल्या हातून काहीच घडत नाही, तूच उचलून घे, ही शरणागती मराठी माणसाच्या कानात संतांनी शतकानुशतके घातलेली होती. टिळकांना कृपेची भाषा बाहेरून आणावी लागली नाही. त्यांची गीते आजही मराठी मंडळ्यांत गायली जातात, याचे एक कारण हेच असावे.

सोळाव्या शतकात मार्टिन लूथरने हा प्रश्न मठातून काढून घराघरात नेला. १५०५ साली तो एरफुर्टच्या ऑगस्टिनियन मठात दाखल झाला. उपास, जागरणे, पापकबुली यांत त्याने काहीही हातचे राखले नाही. तासन्‌तास चालणाऱ्या त्याच्या कबुलीने त्याचे वरिष्ठ योहान स्टाउपिट्झही कंटाळत. एखादे पाप सांगायचे राहिले तर? सांगितले, पण पश्चात्ताप पुरेसा खरा नसेल तर? या प्रश्नांना अंत नव्हता, कारण प्रत्येक उत्तर पुन्हा लूथरच्याच मनाच्या शुद्धतेवर येऊन थांबे. पौलाच्या रोमकरांस पत्रावर विचार करताना त्याला उमगले की देवाचे नीतिमत्त्व ही माणसाने गाठायची उंची नाही. ख्रिस्ताद्वारे देव ते माणसाला देतो आणि माणसाने ते विश्वासाने घ्यायचे असते.

या शोधाचा रोजच्या जीवनावर झालेला परिणाम लूथरच्या १५२९च्या छोट्या प्रश्नोत्तरीत फार जवळून दिसतो. कुटुंबप्रमुखाने घरच्यांना शिकवावे म्हणून लिहिलेले हे पुस्तक. त्यात सकाळची प्रार्थना झाल्यावर एक साधी सूचना येते: आता आनंदाने आपल्या कामाला लागा. रात्रीच्या प्रार्थनेनंतर दुसरी: आता निर्धास्त झोपी जा. ज्याला दिवसभराच्या कर्माचा जमाखर्च देवापुढे जुळवायचा आहे, त्याला झोप लागत नाही. लूथरने ते सोसलेले होते. त्याच्या लेखी झोप हीसुद्धा विश्वासाची कृती ठरते, कारण माणूस झोपलेला असताना जग चालवणारा कोणी दुसरा आहे, याची ती कबुली आहे. कामाचेही तसेच. चांभाराचा जोडा, दाईचे बाळंतपण, आईने धुतलेले दुपटे ही स्वर्गाची पायरी नव्हे, म्हणूनच ती शेजाऱ्याची खरी सेवा होऊ शकते. जोड्याची गरज देवाला नाही, शेजाऱ्याला आहे. पुण्य जोडण्यासाठी केलेल्या मदतीत मदत घेणारा साधन बनतो. ज्याला काही जोडायचेच उरलेले नाही, तो समोरच्याकडे माणूस म्हणून पाहू शकतो.

याकोबाच्या पत्राचा आक्षेप मात्र बाजूला सारता येत नाही, आणि लूथरने तो जरा घाईने बाजूला सारला. उघड्यानागड्या, उपाशी भावाला ‘ऊब घे, पोटभर जेव’ म्हणून नुसते वाटेला लावणाऱ्याचा विश्वास मेलेला आहे, असे याकोब बजावतो. पौलाचेही म्हणणे याच्या विरोधात जात नाही. इफिसकरांस पत्रात तारण कर्मांनी मिळत नाही असे सांगितल्यावर लगेच पुढच्या वाक्यात तो म्हणतो की सत्कर्मे करण्यासाठीच माणसाची नवी घडण झालेली आहे. कर्म मुळाशी नाही, फळाशी आहे. १५४७ साली ट्रेंटच्या परिषदेने लूथरपंथीयांविरुद्ध कठोर निर्णय दिले, पण माणसाच्या आधीच्या कोणत्याही कृतीने नीतिमान ठरण्याची कृपा कमावता येत नाही, हे त्या परिषदेनेही स्पष्ट नोंदवले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि लुथरन वर्ल्ड फेडरेशन यांनी या विषयावरच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. २००६ मध्ये मेथडिस्टांनीही ते मान्य केले. साडेचार शतकांच्या भांडणानंतर दोन्ही बाजूंना कळले की गाभ्याच्या गोष्टीवर आपले एकमत होते.

या सगळ्या चर्चेतला प्रत्येक धागा पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात सापडतो. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबाला घेऊन तीर्थामागून तीर्थे फिरले, पुराणे सांगितली. दुष्काळात होते नव्हते ते संपत आले, तेव्हाही दाने, व्रते आणि स्नाने चालूच होती. शास्त्राने सांगितलेले सगळे केल्यावर देव फळ पदरात घालीलच, अशी त्यांची निष्ठा होती. १८७४ साली आईवडील आणि पाठोपाठ मोठी बहीण गेली. कर्माचा हिशेब किती निर्दय होऊ शकतो, हे सोळा वर्षांच्या मुलीने पाहिले. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. इथे गोष्ट संपते असे अनेकांना वाटते, पण त्यांच्या दृष्टीने तेव्हा ती सुरूही झालेली नव्हती. १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्या प्रांजळपणे सांगतात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे त्यांच्याकडे ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. मते पटली होती, आचरण शुद्ध होते, सेवा चालू होती आणि मन मात्र अशांत होते. हिशेबाची वही तीच होती, फक्त धर्म बदलला होता. म्हणून पुण्याचा हिशेब हा कोणा एका धर्माचा दोष मानणे चुकीचे आहे. तो माणसाच्या स्वभावातच आहे आणि चर्चच्या बाकावर तो इतर कुठल्याही जागेइतकाच ऐसपैस बसतो.

कृपेचा खरा अर्थ उमगल्यावर रमाबाईंचे काम थंडावायला हवे होते, असे पेलागियसच्या तर्काने म्हणता येईल. घडले उलटेच. १८८९ साली त्यांनी मुंबईत सुरू केलेल्या शारदा सदनाला बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांच्या मदतीचे वचन दिले होते. ती मुदत संपत आली असताना १८९६–९७चा दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन परतल्या. त्यांची राहण्याची सोय केडगावच्या जमिनीवर झाली. १९००च्या दुष्काळानंतर तिथे उभ्या राहिलेल्या मुक्ती मिशनमध्ये राहणाऱ्यांची संख्या दीड हजारांवर गेली. ब्रिस्टलला अनाथालये चालवणाऱ्या जॉर्ज म्यूलरचे चरित्र रमाबाईंनी वाचले होते. म्यूलर कोणाकडेही पैसे मागत नसे, फक्त देवाजवळ गरज मांडत असे. भारतात असे काही जमेल का, हा प्रश्न त्यांना पडला आणि त्यांनी तसे करून पाहिले. पण केडगावची जमीन त्यांनी आधीच घेऊन ठेवली होती. फळबाग लावून संस्थेला आधार द्यावा, असा त्यामागचा विचार होता. तिथे विहिरी खणल्या गेल्या, गुरे पाळली गेली. विणकाम, शिवण, तेलघाणा, छापखाना असे उद्योग उभे राहिले आणि अंध मुलींना वाचायला शिकवले गेले. देवावर विसंबणे आणि विहीर खणणे यांत रमाबाईंना कधी विरोध दिसला नाही. म्यूलरचेही तेच. तो मागत नसे, पण आलेल्या पैशाचा चोख हिशेब ठेवी आणि दरवर्षी छापून प्रसिद्ध करी. विश्वासाच्या नावाखाली हिशेब टाळणाऱ्या संस्थांनी म्यूलरचे नाव घेऊ नये.

रोज काय करायचे, हा पुढचा प्रश्न. प्रार्थना, पवित्र शास्त्राचे वाचन, प्रभुभोजन, उपास यांना मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली कृपेची साधने म्हणत असे. लंडनच्या फेटर लेन मंडळीत १७४०च्या सुमारास काहींनी असे धरले की विश्वास पक्का होईपर्यंत या साधनांना हातच लावू नये. स्वस्थ बसावे, नाही तर ती कर्मेच ठरतील. वेस्लीने हे मानले नाही आणि तो आपल्या अनुयायांसह तिथून बाहेर पडला. त्याची बाजू बरोबर होती. पौर्णिमेचे चांदणे कोणी पाडत नाही, पण ते हवे असेल तर अंगणात यावे लागते. पहाटेची दहा मिनिटांची प्रार्थना देवाला वळवत नाही; ती माणसाला देवाच्या समोर आणून बसवते. म्हणूनच ती चुकली तर शिक्षेची भीती नसावी आणि घडली तर शेखीही नसावी. या साध्या गोष्टीतही मन किती पटकन हिशेबाकडे वळते, हे कोणत्याही नेमाने प्रार्थना करणाऱ्याला माहीत असते.

पैशाच्या बाबतीत तर आजचा सर्वात मोठा गोंधळ आहे. जितके द्याल त्याच्या कितीतरी पट देव परत करील, असे सांगणारी शिकवण टीव्हीवरून आणि मोठ्या मैदानी सभांतून गरीब घरांपर्यंत पोहोचली आहे. ती विश्वासाची भाषा बोलते, पण तिचा व्यवहार गुंतवणुकीचा आहे. आजार बरा झाला नाही तर दोष आजाऱ्याच्या कमी विश्वासावर टाकला जातो, आणि ही क्रूरता आहे. निर्गमच्या १६व्या अध्यायातला मान्ना याच्या नेमका उलट धडा देतो. अरण्यात इस्राएल लोकांना रोज सकाळी जमिनीवर अन्न सापडे. ज्याने जास्त गोळा केले त्याचे उरले नाही, ज्याने कमी केले त्याला कमी पडले नाही. उद्यासाठी साठवलेल्यात किडे पडले. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा होती. म्हणजे वाकून गोळा करायचे कष्ट रोजचे, पुरवठा देवाचा आणि साठ्याचा गर्व कोणालाच नाही. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत भाकर मागितली आहे तीही आजचीच. रोजंदारीवर जगणाऱ्या घराला या प्रार्थनेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पगारदार आणि ठेवीदारांना मात्र ती मनापासून म्हणणे अवघड जाते.

विश्वास म्हणजे हवे ते मिळण्याची खात्री नव्हे, हे पौलाच्या अनुभवावरून कळते. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो शरीरातल्या एका काट्याबद्दल लिहितो. तो काय होता, आजार की आणखी काही, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. तो निघावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही, कृपा पुरेशी आहे एवढेच उत्तर मिळाले. ज्याच्या प्रार्थनेने इतर बरे झाले, त्या माणसाची स्वतःची प्रार्थना अशी अपुरी राहिली. मदर तेरेसांच्या पत्रांचा संग्रह २००७ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा जगाला कळले की कोलकात्यात काम करताना त्यांनी कित्येक दशके आतून देवाची अनुपस्थिती सोसली होती. काहींना हा त्यांच्या श्रद्धेचा पराभव वाटला. उलट, काही न जाणवताही दुसऱ्या दिवशी पुन्हा मरणोन्मुख माणसाची जखम धुवायला जाणे, हा विश्वास नसेल तर दुसरे काय? रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ साली, त्यांच्या आधी गेली. बायबलचे मराठी भाषांतर त्या वर्षानुवर्षे करत होत्या आणि त्यासाठी हिब्रू व ग्रीक शिकल्या होत्या. ते काम त्यांनी हातावेगळे केले आणि एप्रिल १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले. मुलीसाठी त्यांनी प्रार्थना केलीच असेल.

कृपेचा दुरुपयोगही जुनाच आहे. डीट्रिख बोनहोफर या जर्मन पाळकाने १९३७ साली, नाझी राजवटीपुढे जर्मन चर्च वाकत असताना, पश्चात्तापाशिवाय वाटल्या जाणाऱ्या क्षमेला स्वस्त कृपा म्हटले. कृपा फुकट आहे, पण देवाला तिची किंमत पुत्राच्या प्राणांनी मोजावी लागली, असे त्याचे म्हणणे होते. एप्रिल १९४५ मध्ये फ्लोसेनब्युर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिले गेले. घराघरांत ही स्वस्त कृपा वेगळ्या रूपात दिसते. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याला ‘सत्तर वेळा सातदा’ क्षमा कर, असे बायकोला सांगितले जाते. हा शास्त्राचा गैरवापर आहे. ज्या मत्तयाच्या १८व्या अध्यायात ही क्षमा सांगितली आहे, त्याच अध्यायात आधी अपराध करणाऱ्या भावाला एकांतात दोष दाखवण्याची, न ऐकल्यास साक्षीदार नेण्याची आणि तरीही न ऐकल्यास मंडळीपुढे प्रकरण मांडण्याची रीत दिलेली आहे. क्षमा म्हणजे सूड सोडून देणे. मार खात राहणे, पोलिसांकडे न जाणे, मुलांना धोक्यात ठेवणे हा तिचा भाग नाही. खरा पश्चात्ताप असेल तर तो आधी हात खाली घेतो. पाळकांनी ही गोष्ट व्यासपीठावरून स्पष्ट शब्दांत सांगायला हवी.

विश्वासाने नीतिमान ठरण्याची पौलाची मांडणी गलतीकरांस पत्रात पहिल्यांदा कुठे येते, हे इथे पाहिले पाहिजे. ती येते जेवणाच्या पंगतीवरून झालेल्या भांडणात. अंत्युखियात पेत्र यहूदी नसलेल्या बंधूंबरोबर जेवत असे. यरुशलेमहून काही मंडळी आल्यावर तो घाबरून त्या पंक्तीतून उठला आणि बर्णबासह इतर यहूदीही त्याच्या मागे गेले. पौलाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर धारेवर धरले. देवाने ज्यांना जन्म आणि कुळाचार न पाहता स्वीकारले, त्यांच्याबरोबर जेवायला नकार देणे म्हणजे कृपाच नाकारणे, असा त्याचा युक्तिवाद होता. पंक्तिभेद काय असतो हे ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, त्याला हा प्रसंग युरोपीय भाष्यकारांपेक्षा अधिक लवकर कळायला हवा होता. दक्षिण भारतातल्या मंडळ्यांत जातीनुसार वेगळे बाक आणि प्रभुभोजनाला वेगळी पाळी चालत असे. १८३३ साली कोलकात्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी ते बंद करण्याचा आदेश काढला, तेव्हा तंजावरकडच्या अनेक उच्चवर्णीय ख्रिस्ती लोकांनी मंडळी सोडली. अहमदनगरच्या बाजूला अमेरिकन मराठी मिशनने जातीच्या बाबतीत कडक धोरण ठेवले. गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून आलेल्या माणसांना एकाच भाकरीचा तुकडा आणि एकाच प्याल्यातला घोट मिळणे, ही त्यांच्यासाठी कृपेच्या सिद्धान्ताची सर्वात स्पष्ट मांडणी होती. तरीही ख्रिस्ती वधू-वरांच्या जाहिरातींत पूर्वीची जात आजही विचारली जाते, आणि काही गावांत दफनभूमीतल्या जागाही वेगळ्या आहेत.